फुप्फुसांचं 'ब्लड मार्कर पॅकेज' घेतलं त्याचा रिव्ह्यू: फुंकायला पाचपैकी पाच, रक्ताला एक

घाई असेल त्यांनी एवढंच वाचा, रक्तातल्या भारी भारी नावांच्या मार्करसाठी, म्हणजे आजाराची खूण म्हणून मोजतात त्या पदार्थांसाठी, हे पॅकेज घेऊ नका, पण तिथे जी फुंकायची टेस्ट करतात ती मात्र करून घ्या, तिथे नाही तर दुसरीकडे, पण करून घ्या. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण जायच्या आधी मी खूप शोधलं होतं आणि आपल्यासारख्या एचआयव्ही पॉझिटिव्ह माणसानं लिहिलेलं एक अक्षर सापडलं नव्हतं. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. असली पॅकेजं आता बरेच जण विकतात आणि माझं म्हणणं सगळ्यांनाच लागू पडेल असं वाटतंय.

आधी माझं थोडक्यात. वय ४६, पॉझिटिव्ह असल्याचं कळून १६ वर्षं झाली. कळलं तेव्हाच टीबी झालेला होता आणि सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, होता ८४. टीबीचा कोर्स पूर्ण केला, एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, चालू झाली, पहिली लाइन, म्हणजे गोळ्यांचा पहिला संच, काही वर्षांनी फेल गेली, आता सेकंड लाइनवर आहे, म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि अटाझानाविर-रिटोनाविर. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, कित्येक वर्षं अनडिटेक्टेबल आहे, सीडी४ ६१०. सिगारेट आयुष्यात ओढली नाही. थोडक्यात कागदावर सगळं छान. पण गेलं वर्षभर दुसऱ्या मजल्यावर पोचले की कठड्याला धरून उभं राहायला लागतंय, बोलता बोलता चढणं तर बंदच झालं, आणि ज्याला सांगावं तो म्हणतो वय झालं, वजन कमी कर. वजन माझं आधीच कमी आहे हो.

फुप्फुसं आणि एचआयव्ही म्हटलं की आपल्याला टीबी आणि न्यूमोनिया आठवतो, कारण एके काळी माणसं त्यानंच जायची. गोळ्या आल्यावर माणसं जगायला लागली आणि आता दुसरंच दिसायला लागलंय, सीओपीडी आणि एम्फिसीमा, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होणं आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटून मोठ्या होणं, हे पॉझिटिव्ह लोकांत इतरांपेक्षा जास्त दिसतं आणि धूम्रपानाचा हिशोब बाजूला काढला तरी जास्तच दिसतं. हे मी वाचलं होतं म्हणून त्या पॅकेजची जाहिरात बघितल्यावर लगेच बुक केलं. जाहिरातीत लिहिलं होतं 'एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी खास, एका रक्तनमुन्यात फुप्फुसांचं भविष्य'. भविष्य हा शब्द वाचून तिथेच थांबायला हवं होतं, पण दम लागणारा माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

पॅकेजमध्ये काय काय होतं ते सांगते. रक्तात सहा मार्कर, बहुतेक दाहाशी, म्हणजे आतल्या सुजेशी, जोडलेले, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी, आयएल-६, डी-डायमर, फायब्रिनोजेन, सोल्युबल सीडी१४ आणि सर्फॅक्टंट प्रोटीन डी. शिवाय साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. मग स्पायरोमेट्री म्हणजे ती फुंकायची टेस्ट, डीएलसीओ म्हणजे फुप्फुसातून रक्तात गॅस किती जातो ते बघणारी, आणि शेवटी डॉक्टरांशी दहा मिनिटं. ऑनलाइन बुकिंग सोपं, वेळ पाळली, जागा स्वच्छ, बसायला खुर्च्या बऱ्या, इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार सुरू होते काउंटरवर. पंधरा-वीस लोक बसलेत आणि काउंटरवरची मुलगी मान वर करून मोठ्यानं विचारते, "एचआयव्ही पॅकेजवाल्या मॅडम कोण?" मी उठले नाही. खरंच नाही उठले, मोबाईलमध्ये बघत बसले, ती दोनदा ओरडली, मग कंटाळून माझं नाव घेतलं आणि तेव्हा उठणं भागच होतं, आणि ती पंधरा पावलं चालताना मला १६ वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. टोकन नंबर नावाची गोष्ट जगात आहे. पॅकेजला एखादं सरळ नाव द्या, पॅकेज क, पॅकेज ड, काहीही. नंतर मी लेखी तक्रार केली, उत्तर आलं 'आपल्या फीडबॅकबद्दल धन्यवाद'. एक स्टार तिथेच गेला.

रक्त काढणारी बाई मात्र हुशार, पहिल्याच टोचण्यात शीर मिळाली, माझ्या शिरा कशा आहेत हे मलाच माहीत. पण कुठल्याही फॉर्मवर, कुठल्याही माणसानं मला हे विचारलं नाही की आत्ता सर्दी-ताप काही आहे का, कुठे इन्फेक्शन आहे का. आणि मला त्या आठवड्यात दाढ ठणकत होती, हिरडीला पू झाला होता, गाल सुजलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता चांगला भाग, आणि हा मी मन लावून लिहिणार आहे कारण असा माणूस प्रत्येक सेंटरला मिळायला हवा. स्पायरोमेट्रीचा टेक्निशियन. मी खोलीत गेले तेव्हा तो एक भलीमोठी सिरिंज, हवा भरायच्या पंपासारखी दिसणारी, मशीनला लावून मागेपुढे करत होता. विचारलं हे काय, तर म्हणाला तीन लिटरची सिरिंज आहे, बरोबर तीन लिटर हवा ढकलली की मशीननं तीनच दाखवायला हवं, रोज तपासतो, नाहीतर तुमचं फुप्फुस खोटं बोलतंय की मशीन ते कसं कळणार. मग नवीन फिल्टर पाकिटातून माझ्यासमोर काढला. मग विचारलं, खोकला किती दिवसांपासून, थुंकीतून रक्त, ताप, रात्री घाम, वजन कमी झालंय का, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन अलीकडे, हार्टचा त्रास. त्या अख्ख्या सेंटरमध्ये टीबीची लक्षणं मला फक्त ह्या एका माणसानं विचारली.

टेस्ट ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी, ओठ घट्ट, पूर्ण छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात सगळा जोर लावून सोडायचा, आणि सोडून झालं असं वाटलं तरी सोडतच राहायचं. तो बाजूला उभा राहून, "घ्या ताई घ्या घ्या घ्या, आणि फूऽऽ, सोडा सोडा सोडा, अजून आहे, अजून आहे, थांबू नका". स्क्रीनवर रेघ वर जाते आणि उतारावरून घसरल्यासारखी खाली येते. पहिला फुंका मी लाजत लाजत मारला, तो म्हणाला हा ट्रायल. दुसरा बरा. तिसऱ्याला खोकला आला, त्यानं सरळ डिलीट केला. चौथा, पाचवा. शेवटी दोन सगळ्यात चांगल्या फुंक्यांमध्ये दीडशे मिलिलिटरपेक्षा कमी फरक आला तेव्हा त्याचं समाधान झालं. मग साल्बुटामॉलचे, म्हणजे श्वासनळ्या उघडणाऱ्या औषधाचे, चार पफ स्पेसर नावाच्या नळकांड्यातून, पंधरा मिनिटं बसा, हात थरथरतील, घाबरू नका, आणि परत सगळं पहिल्यापासून. थरथरले खरंच.

माझे आकडे, एफव्हीसी म्हणजे एका फुंक्यात बाहेर पडलेली एकूण हवा २.७ लिटर, एफईव्ही१ म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा २.१ लिटर, वय-उंचीच्या हिशोबानं अपेक्षित असते त्याच्या ८८ टक्के. दोघांचं प्रमाण ०.७८. औषधाचे पफ घेतल्यावरही हे प्रमाण ०.७०च्या खाली राहिलं तर सीओपीडी म्हणतात, माझं नाही. म्हणजे नळ्या मोकळ्या.

मग डीएलसीओ. ही टेस्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवायची, कारण एचआयव्हीत कित्येकदा स्पायरोमेट्री नॉर्मल येते आणि हीच कमी येते, आणि ज्यांचा सीडी४ कधीतरी खूप खाली गेला होता त्यांच्यात तर जास्तच. ह्यात फुंकण्याचा जोर नाही लागत, एका गॅसचा मोठा श्वास घ्यायचा, त्यात कार्बन मोनॉक्साइड अगदी नावापुरता असतो, साधारण ०.३ टक्के, तो दहा सेकंद आत धरून ठेवायचा आणि सोडायचा. किती गॅस आत रक्तात गेला त्यावरून कळतं की हवेच्या पिशवीतून रक्तात ऑक्सिजन जायचा दरवाजा किती उघडा आहे. ते दहा सेकंद मला दहा मिनिटांसारखे वाटले. परत करायच्या आधी चार मिनिटं थांबायला लागतं, आधीचा गॅस निघून जायला. माझा आला ५८ टक्के. टेक्निशियनचा चेहरा बघून मला कळलं की हे कमी आहे, पण तो काही बोलला नाही, एवढंच म्हणाला, "ताई, तुमचं एचबी किती आहे ते मला लागेल, ब्लड रिपोर्ट आला की त्यात टाकायला सांगा."

हे वाक्य तेव्हा कानावरून गेलं. ह्या अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला, चोवीस पानी पीडीएफ. पहिल्या पानावर फुप्फुसांचं चित्र, एक लाल एक पिवळं, आणि खाली मोठ्या अक्षरात 'तुमच्या फुप्फुसांचं वय ६१ वर्षं'. रात्री साडेअकराला मोबाईलवर हे वाचलंय मी, एकटी. झोप कसली येतेय. नंतर कळलं की फुप्फुसाचं वय ही कल्पना तशी जुनीच आहे, पण ती फुंकायच्या टेस्टवरून, एफईव्ही१वरून काढतात, सिगारेट ओढणाऱ्याला धक्का बसून त्यानं सोडावी म्हणून. ह्यांनी ते रक्ताच्या सहा मार्करवरून काढलं होतं. फोन करून फॉर्म्युला विचारला तर म्हणे अल्गोरिदम कंपनीचा आहे, सांगता येत नाही. अहो पण माझं एफईव्ही१ तुमच्याच रिपोर्टच्या सतराव्या पानावर ८८ टक्के लिहिलंय, मग पहिल्या पानावरची म्हातारी कोण?

डॉक्टरांची दहा मिनिटं खरं तर सहाच होती. डॉक्टर तरुण, बोलायला चांगले. माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाले, कावीळ झाली होती का? मी म्हणलं नाही, अटाझानाविरनं होतं असं, बिलिरुबिन वाढतं, डोळे थोडे पिवळे दिसतात, लिव्हर ठीक आहे. ते हो हो म्हणाले आणि लिहायला लागले. इन्फ्लमेशन वाढलंय, डीएलसीओ कमी आहे, एक इनहेलर ट्राय करून बघू, आणि लिहून दिलं फ्लुटिकासोन आणि साल्मेटेरॉलचं कॉम्बिनेशन, सकाळ-संध्याकाळ.

थांबा. ज्यांच्या गोळ्यांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट आहे त्यांनी पुढचं दोनदा वाचा. हे दोन्ही बूस्टर आहेत, लिव्हरमध्ये दुसरी औषधं मोडायचं काम अडवतात, म्हणून तर मुख्य औषध शरीरात टिकून राहतं. पण मग इनहेलरमधलं फ्लुटिकासोन, जे स्टेरॉइड आहे, तेही मोडलं जात नाही, रक्तात साठत जातं, चेहरा सुजतो, साखर वाढते आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं बंद पडू शकतं. बुडेसोनाइडचंही तेच. साल्मेटेरॉलही रिटोनाविरबरोबर देऊ नये असं सांगतात कारण हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. स्टेरॉइड इनहेलर लागलंच तर बेक्लोमेथासोन त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. जे डोलुटेग्राविरच्या साध्या कॉम्बिनेशनवर आहेत, त्यांना बूस्टर नाही म्हणून हा घोळ नाही. आता ज्या माणसानं माझे पिवळे डोळे बघितले, ज्याला मी गोळीचं नाव स्वतः सांगितलं, आणि ज्याचं पॅकेजच एचआयव्हीवाल्यांसाठी 'खास' आहे, त्यानं हे लिहून द्यावं? दुसरा स्टार तिथे गेला. मी इनहेलर घेतलं नाही, चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि माझ्या एआरटीच्या डॉक्टरांकडे गेले.

आमच्या मॅडम म्हणजे जुन्या वळणाच्या, पीडीएफ मोबाईलवर बघत नाहीत, चोवीस पानं प्रिंट काढून नेली. त्यांनी पहिलं पान न वाचताच उलटलं, मार्करची चार पानं उलटली आणि पार मागे सीबीसीवर जाऊन थांबल्या. "तुझं एचबी ९.८ आहे. हे कुणी बघितलंच नाही का?"

तर गंमत अशी आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तात पकडतं कोण, हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिनच कमी असेल तर फुप्फुस कितीही चांगलं असलं तरी गॅस कमीच उचलला जाणार आणि डीएलसीओ खोटाच खाली दिसणार. म्हणून तो आकडा हिमोग्लोबिनच्या हिशोबानं दुरुस्त करायचा असतो. मॅडमनी कॅल्क्युलेटर काढून माझ्यासमोर गणित केलं, ५८ चे झाले ६७. म्हणजे कमी आहे, पण तेवढं नाही. आणि जिन्यावर लागणाऱ्या दमाचं निदान अर्धं तरी तिथेच मिळालं, रक्त कमी आहे बाई तुझं, पाळीत किती दिवस रक्त जातं, आयर्न तपासलंय का. दोन्ही आकडे एकाच रिपोर्टमध्ये, एक सतराव्या पानावर, एक बाविसाव्या, आणि मधल्या पाच पानांचा प्रवास त्या सेंटरमध्ये कुणी केला नाही. टेक्निशियननं सांगितलं होतं ना, एचबी टाकायला सांगा. कुणाला सांगणार, मला तरी कुठे कळलं होतं.

दुसरा आकडा सीआरपी. माझा होता ९.४. रिपोर्टमध्ये त्यापुढे लाल बाण आणि 'फुप्फुसांतील दाह'. मॅडमनी विचारलं त्या आठवड्यात काय झालं होतं, मी म्हणलं दाढ. त्या हसल्या. सीआरपीला फुप्फुस आणि दाढ ह्यातला फरक कळत नाही, शरीरात कुठेही आग लागली की तो वाढतो. पण पुढे त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पॉझिटिव्ह माणसात ह्या साध्या टेस्टचा एक खरा उपयोग आहे आणि तो ह्यांनी केलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत एचआयव्ही असलेल्यांमध्ये टीबी चाळणीसाठी सीआरपी वापरायला सांगितलंय, लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर आला तर पुढची टीबीची तपासणी करायची. म्हणजे ९.४ आल्यावर फुप्फुसाचं वय छापत बसण्याऐवजी थुंकीत टीबीच्या जंतूचे जीन शोधणारी टेस्ट करा असं सांगायला हवं होतं, त्यातून मला आधी टीबी होऊन गेलेला. थुंकी दिली, निगेटिव्ह आली. दाढेचं काम करून घेतलं, तीन आठवड्यांनी सीआरपी परत केला, १.८.

आता त्या बाकीच्या भारी मार्करचं. मी सुरुवातीला म्हणलं घेऊ नका, पण ते थोतांड आहेत असं माझं म्हणणं नाहीये, हा फरक लक्षात घ्या. विज्ञान खरं आहे आणि मला ते वाचायला आवडलंही. व्हायरस दबलेला असला तरी आपली प्रतिकारशक्ती पूर्ण शांत होत नाही, थोडी जागीच राहते, घरात चोर येऊन गेल्यावर माणूस कसा नंतरही खुट्ट झालं की उठून बसतो तसं. त्याचं एक कारण आतडी. एचआयव्ही सुरुवातीलाच आतड्याच्या भिंतीतल्या पेशींवर घाव घालतो, भिंत गळकी होते, जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात, ते बघून मोनोसाइट नावाच्या पेशी चिडतात आणि आपल्या अंगावरचा सीडी१४ रक्तात सोडतात. तोच हा सोल्युबल सीडी१४. अमेरिकेतल्या एक्सहेल नावाच्या अभ्यासात, ज्यांच्यात हा जास्त होता त्या पॉझिटिव्ह लोकांच्या सीटी स्कॅनमध्ये एम्फिसीमा जास्त दिसला होता. आयएल-६ आणि डी-डायमरचंही असंच, स्मार्ट नावाचा मोठा अभ्यास २००६ साली आला, त्यात गोळ्या मध्येच थांबवणाऱ्यांचे हाल झाले, आणि पुढे त्याच लोकांच्या रक्तात दिसलं की हे दोन मार्कर ज्यांचे जास्त होते त्यांच्यात मृत्यू जास्त होते.

पण हे सगळं शेकडो-हजारो लोकांच्या सरासरीचं बोलणं आहे. शंभर जणांच्या गटात काय दिसतं आणि माझ्या एकटीच्या छातीत काय चाललंय ह्यात खूप अंतर आहे. माझा आयएल-६ जास्त आला तर त्यावर गोळी कुठली? फुप्फुसासाठी म्हणून कुठलीच नाही. कमी आला तर डीएलसीओ करायची नाही का? करायचीच. मग आकड्यानं ठरलं काय. आयएल-६ तर दिवसाच्या वेळेनुसार बदलतो, नळी तशीच पडून राहिली तरी बदलतो. आणि सीडी१४च्या पानावर तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, मी झूम करून वाचलं, 'केवळ संशोधनासाठी'. केवळ संशोधनासाठी असलेल्या आकड्यावर तुम्ही मला रात्री साडेअकराला ६१ वर्षांची केलीत.

अजून एक गोष्ट मॅडमनी सांगितली ती मला फार आवडली. स्टार्ट नावाच्या अभ्यासात लोकांना एआरटी लगेच द्यायची की सीडी४ उतरेपर्यंत थांबायचं हे बघितलं होतं, लगेच देणं चांगलं हे २०१५ मध्ये सिद्ध झालं आणि म्हणून आता सगळ्यांना लगेच देतात. त्यातल्याच हजाराहून जास्त लोकांची फुप्फुसं वर्षानुवर्षं फुंकून मोजली. अपेक्षा अशी की लवकर गोळ्या म्हणजे फुप्फुसं कमी झिजतील. फरकच दिसला नाही. नुकसानही नाही, फायदाही नाही. म्हणजे फुप्फुसाचं प्रकरण नुसत्या 'दाह कमी करा' ह्या एका वाक्यात बसत नाही, आणि म्हणूनच सहा मार्करची बेरीज करून वय सांगणाऱ्याकडे जरा संशयानं बघा.

सीबीसीमधून अजून एक आकडा निघाला, इओसिनोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, माझे ९०. सीओपीडी असलेल्याला स्टेरॉइड इनहेलरचा उपयोग होईल का हे ठरवताना हा आकडा डॉक्टर खरोखर वापरतात, ३००च्या वर असेल तर उपयोग होण्याची शक्यता चांगली, १००च्या खाली असेल तर कमीच. म्हणजे मला सीओपीडी नाही, इओसिनोफिल कमी, गोळ्यांत रिटोनाविर, आणि तरी इनहेलर. तीनदा नाही म्हणणारे तीन कागद त्यांच्याच हातात होते. सगळ्यात साधी, कुठल्याही लॅबमध्ये होणारी सीबीसी, आणि कामाची तीच निघाली, एकदा नाही दोनदा.

पुढचं थोडक्यात. ६७ टक्केही नॉर्मल नाही, म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सीटीमध्ये उजवीकडे वर जुन्या टीबीचा व्रण आणि थोडा एम्फिसीमा, सिगारेट न ओढताही. डीएलसीओ कमी असण्याचं आणखी एक कारण असू शकतं फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर, एचआयव्हीत साधारण २०० मागे एकाला होतं, तसं दुर्मिळच पण चुकवायचं नाही, म्हणून हृदयाची इको केली, ती चांगली आली. आयर्न तीन महिने घेतलं, एचबी १२.१ झालं. परत त्याच सेंटरला गेले, होय त्याच, पण फक्त डीएलसीओसाठी आणि आधी फोन करून विचारून की तो टेक्निशियन कोणत्या दिवशी असतो. आकडा आला ६४, दुरुस्त करून ६७. म्हणजे फुप्फुस होतं तिथेच आहे, मधला खड्डा रक्ताचा होता. जिना आता तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता होतो. चौथ्याला थांबते.

जे ओढतात त्यांच्यासाठी एक, रागावू नका. डेन्मार्कमध्ये एका अभ्यासात हिशोब केला होता, एआरटीवर असलेल्या ३५ वर्षांच्या माणसाच्या आयुष्यातली साधारण १२ वर्षं सिगारेटनं जातात आणि एचआयव्हीनं ५. ह्या पॅकेजमध्ये ओढता का हा प्रश्न फॉर्मवर होता पण पुढे त्याचं काहीच केलं जात नाही, ओढणाऱ्या माझ्या मित्राला त्यांनी माझ्यासारखंच पीडीएफ दिलं, त्याचं वय आलं ५८. माझ्यापेक्षा तरुण! तो आता मला आजी म्हणतो.

कुणी जाणारच असाल तर स्पायरोमेट्री आणि डीएलसीओ एवढंच मागा, सुट्टं करून देतात, काउंटरवर नाही म्हणतात, परत विचारलं की हो म्हणतात. सर्दी, दाढ, ताप काही असेल तर रक्त पुढे ढकला. सीबीसी करा आणि डीएलसीओचा आकडा एचबीनं दुरुस्त केलाय का हे रिपोर्टवर शोधा, नसेल तर मागून घ्या. गोळ्यांच्या डबीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि कुणी इनहेलर लिहिलं तर तो त्यांच्या नाकासमोर धरा. दम लागत असेल, खोकला जात नसेल, वजन उतरत असेल तर पॅकेजची वाट न बघता सरळ आपल्या एआरटीच्या डॉक्टरांना सांगा. मी डॉक्टर नाही, माझे आकडे माझे आहेत.

स्टार एकूण अडीच. रक्ताच्या मार्करना एक, तोही टोचणाऱ्या बाईच्या हातासाठी. डॉक्टरांना शून्य. काउंटरला शून्य. टेक्निशियनला पाच, जमलं असतं तर सहा. अर्धा स्टार रिपोर्ट वेळेवर आल्याबद्दल. बेरीज जुळत नाहीये हे मला माहितीय, त्यांच्या अल्गोरिदमचीही जुळत नाही.

काल त्यांचा मेसेज आला, 'तुमच्या फुप्फुसांचं वय पुन्हा तपासायची वेळ झाली आहे'. मी उत्तर पाठवलं, फक्त फुंकायचं आहे, मंगळवारी, आणि नाव मोठ्यानं घेऊ नका. अजून निळी टिक आलेली नाही.